नाव आणि चौकट

नाव दारातून जात नाही हे सगळ्यांत आधी डब्याला कळलं, कारण नाव आणि चौकट यांच्यामध्ये तोच सापडला होता.

"आजोबा, माझं पोट," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"आजोबा, त्याचं पोट अडकलंय!" त्याच्या जुळ्या भावाने, इंजिनने, हेच मोठ्याने जाहीर केलं. इंजिन आधी बोलायचा, डबा मागून यायचा, म्हणून ही नावं पडलेली. आज काय बुद्धी झाली आणि डबा पुढे गेला. त्याचं फळ त्याला लगेच मिळालं.

"मागे घ्या! सगळ्यांनी मागे!" वकीलबाईने हुकूम सोडला. ही जुळ्यांची मामेबहीण. वय अकरा, वाद घालण्याचा अनुभव अकरा वर्षांचा. सुट्टी लागल्यापासून ती या नावेची कप्तान होती.

नाव मागे घेतली. डबा सुटला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर डांबराचा पट्टा उमटला होता, पण त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. सगळ्यांनी दाराकडे बघितलं, मग नावेकडे, आणि मग बघायचं नाही असं ठरवूनही सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे गेल्या.

आजोबांनी जन्मभर दारं-खिडक्या केल्या होत्या. शहरातल्या कित्येक घरांतली माणसं त्यांनी केलेली दारं रोज सकाळी उघडत आणि भांडण झालं की आपटत. दार कितीही मोठं असो, आडवं धरलं की दुसऱ्या दारातून जातं. खिडकीचंही तेच. त्यामुळे स्वयंपाकघरामागच्या या खोलीत, त्यांच्या कारखान्यात, तयार झालेली कुठलीच वस्तू आजवर अडकली नव्हती. नावेच्या फळ्याही एकेक करून मजेत आत आल्या होत्या. बाहेर मात्र त्यांना सगळ्यांना एकदमच जायचं होतं.

"तिरकी करून बघू या का?" जावईबापू म्हणाले. ते बेकरीवाले. माणूस मैद्याच्या पोत्यासारखा, अंगाने आणि स्वभावानेही: भरलेला आणि मऊ.

तिरकी केली, तर टोक कपाटात घुसलं. उभी केली तर छताचा पोपडा खाली आला. उलटी केली तेव्हा जावईबापू तिच्याखाली दिसेनासे झाले आणि "काही उपयोग नाही" असा त्यांचा आवाज आतून आला.

थोरल्याने खिशातून टेप काढली. दार मोजलं, नाव मोजली, परत दार मोजलं.

"चार बोटं जास्त आहे," तो म्हणाला, आणि बहिणीकडे बघितलं.

थोरला विमा कंपनीत होता. अपघातांचे दावे तपासायचा. रोज आठ तास अपघात वाचून वाचून त्याला ते घडण्याआधीच दिसायला लागले होते. जिना दिसला की मोडलेला पाय दिसायचा, आणि उकळता चहा दिसला की भाजलेला हात. वडिलांच्या खोलीत कोपऱ्यात झाकून ठेवलेलं ते गोल पात्याचं कापायचं मशीन दिसलं की त्याला काय दिसायचं ते तो बायकोलाही सांगत नसे. आज तो मुलांना घेऊन जायला आला होता. खरं काम वेगळंच होतं. बाबांना आपल्या फ्लॅटवर न्यायचं, चौथ्या मजल्यावर, आणि ही खोली बंद करायची. बहिणीशी फोनवर सगळं ठरलं होतं. फक्त बाबांना कसं पटवायचं एवढाच प्रश्न होता. आणि आता नाव स्वतःच त्याची बाजू मांडत होती.

त्याला थोडी लाज वाटली, पण थोडीच.

"छकुले, जरा आत ये," तो बहिणीला म्हणाला.

धाकटी दातांची डॉक्टर होती. अख्खं शहर तिच्यासमोर तोंड उघडायला घाबरायचं, आणि घरी अजून ती छकुली. ती स्वयंपाकघरात आली आणि तिने मधलं दार ओढून घेतलं.

"बघितलंस?" थोरला कुजबुजला.

"बघितलं."

"जन्मभर चौकटी मोजल्या त्या माणसाने. आणि आता दाराचं माप लक्षात राहत नाही? गेल्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले होते."

"दूध तूही उतू घालवतोस, दादा."

"माझ्या घरात ते मशीन नाहीये."

धाकटीला स्वतःचाच राग येत होता. सुट्टी लागली तेव्हा तिनेच तिन्ही मुलांना इथे पाठवलं होतं. म्हाताऱ्याला सोबत, मुलांना उद्योग, आणि आपल्याला जरा शांतता, एका दगडात तीन पक्षी. वर फोन करकरून सूचना दिल्या होत्या. मुलांकडून झाडं लावून घ्या, पक्षी ओळखायला शिकवा, चित्रं काढायला बसवा. झाडं लावली, तर इंजिन रोज सकाळी बी उकरून बघायचा, उगवलं का. पक्षी ओळखायला गेले, तर डब्याने प्रत्येकाला कावळा ठरवलं आणि एकदाच चुकला, कारण ते मांजर होतं. चित्रं काढायला बसवलं तेव्हा रंग संपला, पण कागद कोराच राहिला. संपलेल्या रंगाचा हिशेब जुळ्यांच्या पाठीवर होता. शेवटी वकीलबाईने फोन हातात घेऊन सांगितलं होतं, "आत्या, हे सगळं आम्हाला वळण लावायला आहे. आम्हाला खरंखुरं काहीतरी करायचंय. आम्ही नाव करतोय."

"आजोबांना नाव येते करायला?"

मागून आजोबांचा आवाज आला होता, "नाही येत." आणि त्यावर इंजिनचा, "आम्हाला पण नाही येत. म्हणजे जमेल."

फोनवर ती खूप हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं.

"चौथ्या मजल्याचं आज बोलायचं का मग?" तिने विचारलं.

"आज नाही तर कधी? पुरावाच समोर आहे."

दार उघडलं. बाहेर थोरल्याची बायको उभी होती. हातात चहाचा ट्रे. कितीतरी वेळ तशीच उभी असावी, कारण चहावर साय धरली होती.

"पुरावा," ती नवऱ्याला म्हणाली, "गार झालाय. प्या."

*

वहिनी कोर्टात टायपिस्ट होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब टाइप करून तिला एक गोष्ट कळली होती: साक्षीदार तपासल्याशिवाय निकाल देणारा न्यायाधीश मूर्ख असतो. तिने ट्रे नावेच्या पालथ्या बुडावर ठेवला आणि मुलीला विचारलं, "काय गं, मापं कोणी घेतली होती?"

"आम्ही सगळ्यांनी," वकीलबाई म्हणाली. "आणि मापं बरोबर होती. पहिल्यांदा नाव दारातून जात होती. मी स्वतः सांगाडा बाहेर नेऊन परत आणला होता."

"मग?"

वकीलबाईने जुळ्यांकडे बोट केलं.

"मग आम्ही रुंद केली," इंजिन म्हणाला. "कारण पप्पा."

"केली रुंद," डब्याने दुजोरा दिला.

"मी?" नावेखालून नुकतेच निघालेले जावईबापू म्हणाले.

"काकांना बसता येणार नाही असं इंजिन म्हणाला," वकीलबाईने खुलासा केला. "मी म्हटलं, काका काठावर बसतील. तर हा रडला. मग आजोबा म्हणाले, ज्या नावेत बाप मावत नाही ती कसली नाव."

खोलीत सगळ्यांनी जावईबापूंच्या पोटाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्यासाठी रुंद केली?" ते मुलांना म्हणाले.

"तुम्हाला बसायचं नव्हतं का?" इंजिनने विचारलं.

"बसायचं होतं रे! खूप बसायचं होतं!"

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. वीस मिनिटांपूर्वी ती भावाच्या बाजूने होती. आता तिच्या पायाखालची जमीन सरकायला लागली. ज्या चुकीवरून आपण बापाला घराबाहेर काढायला निघालो, ती आपल्याच नवऱ्याच्या पोटाएवढी आहे?

"तरी पण," थोरला म्हणाला. हे दोन शब्द तो ऑफिसातही फार वापरायचा. "मुलं काहीही म्हणतील. बाबांना कळायला नको होतं का?"

आजोबा इतका वेळ स्टुलावर बसून गुडघ्यावरचा भुसा झटकत होते. ते म्हणाले, "कळायला हवं होतं. नाही कळलं."

एवढंच. थोरल्याने पुढच्या वादासाठी श्वास भरून घेतला होता, तो तसाच छातीत राहिला. बाबांनी सबब सांगितली असती, ओरडले असते, तर त्याची तयारी होती. पण वडील चूक कबूल करतात हा प्रकार त्याच्या माहितीतला नव्हता.

"आता दोनच मार्ग," तो घसा साफ करून म्हणाला. "नाव मधून कापायची आणि बाहेर नेऊन जोडायची..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. जुळी मुलं अशी किंचाळली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. वकीलबाई नावेवर आडवी झाली. "आधी मला कापा!"

"किंवा चौकट काढायची," वहिनी शांतपणे म्हणाली.

"चौकट? भिंतीला तडा जाईल. वरची तुळई सरकेल. त्या गोष्टीतल्या उंटावरच्या शहाण्यासारखं करायचं? उंट आत यावा म्हणून भिंत पाडा! जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेते. हवं तर टाइप करून देते."

थोरल्याने बहिणीकडे बघितलं. बहीण छताकडे बघत होती. त्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुणे बाह्या वर सारत होते.

"काढा चौकट," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून पुढे म्हणाले, "पण निघणार नाही ती."

"का?"

"मी बसवलीय."

आणि खरंच निघेना. आधी दार उतरवलं; ते बिजागऱ्यांवरून निमूट आलं. मग चौकटीला जावईबापूंनी खांदा लावला. चौकट जिथल्या तिथे. पहार घातली, पहार वाकली. जुळ्यांनी लाथा मारल्या आणि मग आपापले पाय धरून बसले. आजोबा स्टुलावरून बघत होते. आपलीच नाव अडलीय हे विसरून त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरायला लागलं होतं.

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" धाकटीने विचारलं.

"मला विचारू नकोस. मला दोन्हीकडून वाईट वाटतंय."

जावईबापूंनी पुन्हा पहार उचलली तेव्हा थोरल्याला राहवेना. "अहो, तसं नाही! वरून काय मारताय? गिलावा आधी खरवडा. बाजूने. लोखंडी पट्ट्या असतील भिंतीत गाडलेल्या, त्या मोकळ्या झाल्याशिवाय ती हलणार नाही. द्या इकडे!" त्याने घड्याळ काढून बायकोकडे दिलं. मग पटाशी घेतली, गुडघ्यावर बसला आणि ऑफिसच्या पँटमध्ये भिंत खरवडायला लागला.

वहिनीने घड्याळ मुठीत धरलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या हातात हत्यार बघत होती. हातोडा पडायचा तो बरोबर पटाशीच्या डोक्यावर, न बघता.

एक पट्टी निघाली. खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.

"पटाशी जरा आडवी पाड," आजोबा म्हणाले. ते कधी स्टूल सोडून शेजारी येऊन बसले होते हे त्यालाही कळलं नाही. "हां. आता ठोक."

"चौथी!" थोरला घामाघूम झाला होता. "एका बाजूला दोन पुरतात. कोणत्या गाढवाने इतक्या ठोकल्यात?"

"तू."

हातोडा थांबला.

"सातवीत होतास," आजोबा म्हणाले. "अशीच सुट्टी होती. दिवसभर घरात धुडगूस घालायचास म्हणून तुझ्या आईने माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं दोन ठोक. तू सहा ठोकल्यास. म्हणालास, चौकट कोणाच्या अंगावर पडली तर?"

वहिनीचा संयम सुटला. तिने तोंडावर पदर घेतला, पण हसू पदराला ऐकेना. ते धाकटीला लागलं, धाकटीचं जावईबापूंना, आणि जावईबापू हसायला लागले तेव्हा ते टेकले होते ती भिंत आणि तिच्यातली चौकट, दोन्ही हलल्या.

"हलली!" डबा ओरडला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो इंजिनच्या आधी बोलला.

*

जावईबापूंच्या पावाच्या गाडीवर नाव चढवली आणि सगळे तळ्यावर गेले. ऊन उतरायला लागलं होतं. वाटेत नावेच्या नावावरून भांडण झालं. नावेला नाव काय द्यायचं हा विनोद इंजिनने इतक्या वेळा केला की शेवटी वकीलबाईने त्याला बोलायची बंदी केली.

तळ्याच्या काठावर थोरल्याने हात पसरून मुलांना अडवलं. "आधी मोठी माणसं. चाचणी झाल्याशिवाय एकही मूल आत जाणार नाही."

"हा अन्याय आहे," वकीलबाई म्हणाली.

"हा नियम आहे."

मग चाचणीसाठी आजोबा बसले, कारण नाव त्यांनी केली होती. थोरला बसला, कारण नियम त्याने केला होता. आणि धाकटी बसली, कारण हे दोघं पाण्यावर एकटे सोडायच्या लायकीचे नाहीत असं तिचं मत होतं. जावईबापूंनी शूज काढले आणि एक जोरदार धक्का दिला.

नाव तरंगली. एक थेंब पाणी आत आलं नाही. काठावर टाळ्या पडल्या. नाव डौलात पुढे निघाली, वाऱ्याने तिला आणखी पुढे नेलं, आणि तळ्याच्या बऱ्याच आत गेल्यावर थोरल्याने इकडेतिकडे बघून विचारलं, "वल्ही कुठायत?"

आजोबांनी पायाशी बघितलं. धाकटीने मागे बघितलं.

"वल्ही," आजोबा म्हणाले, "राहिलीच करायची."

काठावरून वकीलबाईचा आवाज आला, "पप्पा, तुम्ही वल्ही का घेतली नाहीत?" आणि मग एकदम, "अय्या! आपण वल्ही केलीच नाहीत!" तिन्ही मुलं गवतावर लोळायला लागली.

थोरला म्हणाला, "बाबा!" पण पुढचं त्याला सुचलं नाही. हाताने पाणी मारून बघितलं, तर नाव जागच्या जागी गोल फिरली. सगळं तळं एकदा दिसलं, काठावरची माणसं एकदा दिसली, आणि वारा पडला. नाव थांबली.

नावेतून कोणालाच उठून जाता येत नव्हतं. दार आपटता येत नव्हतं, कारण दार नव्हतं. कोणाला फोन आला असंही म्हणता येत नव्हतं, कारण फोन काठावर होते.

"बोला आता," आजोबा म्हणाले. "सकाळपासून दोघं माझ्याकडे दवाखान्यातल्यासारखे बघताय."

"दादाला बोलायचंय," धाकटी म्हणाली.

"हिलाही बोलायचंय," थोरला म्हणाला.

"चौथा मजला ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"भिंती पातळ आहेत या घरातल्या. मी दारं केली, भिंती नाही. ऐकलं मी." आजोबा पाण्याकडे बघत म्हणाले, "काय करू मी तिथे? लिफ्टने खाली जायचं आणि वर यायचं?"

"बाबा, मला ते दूध नको, चौकट नको, मला कशाचंच काही नाही," थोरल्याचा आवाज चढला आणि मग खाली आला. "मला त्या मशीनची भीती वाटते. फोन वाजला की मला पहिलं तेच डोळ्यांसमोर येतं. ऑफिसात मी असे फोटो बघतो, बाबा. बोटांचे."

आजोबांनी स्वतःची दहाही बोटं उघडून बघितली. मग म्हणाले, "पट्टा काढलाय मी त्याचा."

"कसला पट्टा?"

"मशीनचा. हिवाळ्यातच. एक दिवस सुरू केलं आणि कशासाठी सुरू केलं तेच आठवेना. पातं फिरतंय, मी उभा. हातात लाकूडही नाही. बंद केलं, पट्टा काढला, वर कापड घातलं. तेव्हापासून हात लावलेला नाही."

धाकटीने वडिलांच्या हाताकडे बघितलं. तळव्यावर नव्या फोडांच्या खुणा होत्या. "मग ही नाव?"

"करवतीने. एक टोक मी धरायचो, एक पोरं. म्हणून तर सगळी सुट्टी लागली."

"आम्हाला सांगितलं का नाहीत?" थोरल्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी लिफ्ट घेऊन आला असतास."

ते खरं होतं. थोरल्याने पाण्यात हात घातला आणि तोंडावर पाणी मारलं, आणि तोंड पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"मी विसरतो," आजोबा म्हणाले. "आता आणखी विसरेन. छकुलीने डॉक्टर शोधावा, मी जाईन. पण सकाळी उठून रंधा हातात घेतला की मला कळतं मी कोण आहे. ते काढून घेऊ नका. बाकी काय न्यायचं ते न्या. मशीन न्या, गॅस न्या."

"गॅस कशाला नेऊ," धाकटी रडत-रडत म्हणाली. "जेवण मी पाठवेन."

थोरला नाव बघत होता. फळीला फळी कशी बसली आहे, सांध्यातून बोट फिरवत. मग म्हणाला, "चौकट परत बसवायला लागेल. रविवारी येतो मी."

"एका रविवारात होणार नाही."

"दर रविवारी येतो. मशीन कोणाला तरी देऊन टाकू. तो पट्टा तेवढा काढून ठेवा बाहेर, त्याच्याबरोबर द्यायला लागेल. कुठे ठेवलाय?"

आजोबांनी विचार केला. खूप विचार केला. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"ते मात्र आठवत नाही," ते म्हणाले.

आधी कोण हसलं हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही. नाव इतकी डुचमळली की काठावर वहिनी घाबरून उभी राहिली. तिला तिघांचे खांदे हलताना दिसत होते. ते रडतायत की हसतायत हे एवढ्या लांबून कळेना. "अहो, जा ना!" ती जावईबापूंना म्हणाली. "कोणीतरी जा!"

जावईबापूंना पोहता येत नव्हतं. तरी ते पाण्यात उतरले. देवाचं नाव घेत चार पावलं गेले, आणखी गेले, आणि सरळ चालत नावेपाशी येऊन पोहोचले. पाणी त्यांच्या कमरेला होतं.

"इतकंच खोल आहे," ते जरा निराश होऊन म्हणाले.

थोरल्याने पाण्याकडे बघितलं. तळाशी काच असेल, दगड असेल, घसरेल, मुरगळेल, सगळं त्याला ओळीने दिसलं. मग त्याने शूजसकट पाय बाहेर टाकला आणि पाण्यात उभा राहिला.

"बसून राहा, बाबा," तो म्हणाला, आणि नावेला खांदा लावला.

काठाला आल्यावर वकीलबाई हाताची घडी घालून उभी होती. "झाली चाचणी?"

"झाली. बसा."

"सगळे?"

"सगळे. आईला पण घे."

"पण पप्पा, वल्ही नाहीत."

"मी आहे ना," थोरला म्हणाला.

जुळे उडी मारून आत आले, वहिनी साडी आवरत आली, जावईबापू ओल्या पँटनिशी मधोमध बसले. धाकटीने डब्याला मांडीवर घेतलं. नाव पाण्यात खोल गेली, पण तरंगली. थोरल्याने दोन्ही हात तिच्या मागच्या फळीवर टेकले, मान खाली घातली आणि अख्खं घर ढकलत तळ्यात निघाला.

"जरा हळू," आजोबा पुढून म्हणाले.

"जोरात! जोरात!" मुलं ओरडली.